मुशी कोण सोडतं?

अपूर्वाच्या टॅबमध्ये एक समुद्र होता. त्यात मासे पोहत यायचे. मासा दिसला की बोट लावायचं, तो जाळ्यात पडायचा. शार्क दिसला की मात्र हात मागे घ्यायचा. चार-पाच वर्षांच्या मुलांना स्वतःला कितपत आवर घालता येतो, हे त्या खेळातून मोजायचं होतं. मुलांना वाटायचं आपण खेळतोय, आणि आत आकडे जमा होत राहायचे. संशोधन संस्थेत नोकरीला लागून अपूर्वाला जेमतेम वर्ष झालं होतं. मुलुंडच्या दोन आणि बोरिवलीच्या एका बालवाडीत तिने हा खेळ घेतला, तेव्हा सगळं झकास पार पडलं. मुलं माशांवर तुटून पडायची आणि शार्क आला की हात पाठीमागे लपवायची.

मग ती खारदांड्याच्या कोळीवाड्यात गेली.

तिथली बालवाडी विनी टीचरची. विनी जवळच्याच चुईम गावातली, पन्नाशीची, बावीस मुलांना नुसत्या नजरेने गप्प बसवणारी. तिने कोपऱ्यात चटई टाकून दिली आणि एकेकाला पाठवू लागली. पहिल्या मुलाने सगळे मासे पकडले आणि बाराच्या बारा शार्कही पकडले. अपूर्वाने त्याला नियम पुन्हा समजावला. त्याने शहाण्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा बाराही शार्क पकडले. त्याच्यानंतर आलेली मुलगी तर मासे सोडून शार्कचीच वाट बघत बसली. दुपारपर्यंत बावीसही मुलं नापास झाली. 'नापास' हा शब्द वापरायचा नाही असं अपूर्वाला बजावलेलं होतं, पण तिला दुसरा शब्द सुचेना. आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर अख्ख्या मुंबईतली सर्वांत उतावळी मुलं या एका खोलीत गोळा झाली होती.

शेवटी तिने जानकी नावाच्या पाच वर्षांच्या मुलीला जवळ बोलावलं आणि नियम विचारला. जानकीने तो न अडखळता म्हणून दाखवला.

"मग शार्कला बोट का लावलंस गं?"

"ती मुशी हाय," जानकी म्हणाली. "मुशी कोन सोरतं?"

विनीने टॅब हातात घेऊन ते दात विचकणारं चित्र नीट पाहिलं आणि ती हसायला लागली. मुलुंडच्या मुलांनी शार्क कार्टूनमध्ये पाहिलेला. इथल्या मुलांनी तो ताटात पाहिला होता. आई मासळी बाजारात बसते, बाप होडीवर जातो, आणि ही बाई येऊन सांगते की आलेली मुशी पाण्यात सोडून द्या. अपूर्वाला एकदम लाज वाटली. सकाळपासून ती या मुलांच्या नावापुढे लाल खुणा करत होती.

"यांना सोडायला असं काहीतरी दे, जे यांचे बाप पण सोडतात," विनी म्हणाली.

म्हणजे काय, असं मुलांनाच विचारलं, तर खोलीभर एकच नाव घुमलं: केंड. पकडला की फुग्यासारखा फुगतो, जाळी कुरतडतो आणि खाल्ला तर विषबाधा. विनीने खडूने कागदावर केंड काढला. अपूर्वाने त्याचा फोटो घाटकोपरला मुकुलकडे पाठवला. खेळ बनवणारा तो. हा बटाटा आहे का, असं त्याने विचारलं, पण दोन दिवसांत चित्र बसवून दिलं.

फक्त जरा जास्तच मन लावून. बोट लागलं की मुकुलचा केंड टम्म फुगायचा आणि 'फुस्स' करून विरायचा. हे पहिल्या मुलाच्या लक्षात आलं आणि खोलीत बातमी पसरली. त्या दिवशी कुणी माशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अपूर्वाने मुकुलला फोन करून सांगितलं, की झालं तेवढं कौतुक पुरे, केंडाला मुकाट्याने पोहू दे.

तिसऱ्या खेपेला बावीसपैकी एकवीस मुलांनी केंडाला हातही लावला नाही. बाविसावा झोपून गेला होता.

ते आकडे पाहून प्रकल्पप्रमुख अनिरुद्ध सर स्वतः खारदांड्याला आले. आधी सगळे नापास, आता सगळे पास. अपूर्वाने मुलांकडून घोकून तर घेतलं नाही ना, अशी त्यांना शंका होती. अपूर्वाने सगळी हकिगत सांगितली. सरांना ती पटली नाही. खेळ आपण करूनच बघू, म्हणून ते गुडघे दुमडून चटईवर बसले. भोवती मुलांनी कडं केलं.

सर पुण्याच्या शाकाहारी घरातले. त्यांना पापलेट काय नि केंड काय, सगळे मासे सारखेच. जे समोर आलं त्याला त्यांनी बोट लावलं. बारापैकी नऊ केंड त्यांच्या जाळ्यात पडले. मुलं आधी हसली, मग त्यांना काळजी वाटायला लागली. दहाव्या केंडाला जानकीने सरळ त्यांचं मनगट धरलं.

"सर, घाई नाय करायची. बघायचं, मग बोट."

खेळ संपल्यावर टॅबने निकाल दाखवला: आवर घालण्याची क्षमता, साडेतीन वर्षांच्या मुलाइतकी. सरांनी तो दोनदा वाचला. विनी खिडकीबाहेर बघत राहिली. अपूर्वाने वहीत काहीतरी लिहायचं नाटक केलं.

मग सर हळूच म्हणाले, "अपूर्वा, मग मुलुंडला आपण नेमकं काय मोजलं? आवर, की शार्कची भीती?"

अपूर्वाने वहीचं नवं पान उघडलं. मुलुंडला परत जावं लागेल, आणि या वेळी चित्र काढायच्या आधी तिथल्या मुलांना विचारावं लागेल, एवढं दोघांचंही ठरलं. तोवर टॅबसमोर मुलांची रांग लागली होती, तरी सर पुन्हा टॅबवर वाकले. आणखी एकदा खेळून बघतो, म्हणाले.

जानकीने त्यांना रांगेत मागे जायला सांगितलं.