वाटीतली रेघ

आमच्या महाडच्या गॅरेजच्या भिंतीवर एक रेघ आहे. माझ्या डोक्याच्या दीड हात वर. दोनदा रंग दिला, तरी पावसाळ्यात ती पुन्हा ओलसर उमटते. सावित्री नदीचं पाणी महापुराच्या त्या जुलैत तिथवर आलं होतं. आम्ही दोन रात्री माळ्यावर काढल्या.

*

गोड्या तेलात वडे तळले की वास अंगणापलीकडे जातो.

*

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्या बाजूलाच ठेवायचा. इंजिनाने उलटा झटका दिला, तर आवळलेल्या मुठीतला अंगठा मोडतो. अब्बांनी हे शिकवताना स्वतःचा वाकडा अंगठा दाखवला होता.

*

दरडीखालून हैबतीदादांचं काहीच सापडलं नाही. चप्पलसुद्धा नाही.

*

माणूस असो की इंजिन, तोंडावर ओलं फडकं दाबलं की थांबतो.

*

वैशाख अमावस्येची दुपार. पोलादपूरच्या वर, कशेडी घाटाच्या अंगाला असलेल्या वाडीत दोनशे माणसं एका ट्रॅक्टरभोवती उभी होती. ट्रॅक्टर कमरेएवढा. त्याच्या बॉनेटवर हळद-कुंकू, सीटवर टोपी. टोपी हैबतीदादांची.

हैबतीदादा हे महाडच्या एका कारखान्याच्या वसाहतीतले माळी. कारखाना बंद पडला तेव्हा लॉन कापायचा हा जुना परदेशी बाग-ट्रॅक्टर त्यांनी भंगारातून सोडवला आणि आमच्याकडे आणला. आमच्याकडे म्हणजे माझे अब्बा अजमल मिस्त्री आणि मी, माहरुख. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेली. जुनी छोटी यंत्रं उठवणं हे आमचं काम. तो ट्रॅक्टर वाडीतल्या अरुंद खाचरांत असा वळायचा की बैलांनी बघत राहावं.

त्या जुलैत तो दुरुस्तीला आमच्याकडे होता. खाली गॅरेजमध्ये तो पुरात बुडाला आणि वर वाडीत हैबतीदादा दरडीखाली गेले. मूळ पेट्रोल इंजिन गाळाने जाम झालं. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी शकूवहिनी आल्या, म्हणाल्या, "कायतरी कर गो, पण उठव त्याला." मी पाणी उपसायच्या पंपाचं एक जुनं डिझेल इंजिन शोधलं, नवी बैठक वेल्ड केली, पुली बदलली. ट्रॅक्टर उठला. वहिनी तो स्वतः चालवायला लागल्या. निम्म्या वाडीची नांगरणी त्यावर आणि वहिनींचं घर त्या नांगरणीवर.

चालवताना त्या इंजिनाशी बोलायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कोणी हसत नव्हतं.

मग कुठून तरी भरतनाथ महाराज आले. त्यांनाही ते कळलं.

"तुझ्या इंजिनात भूत शिरलाय गो," महादूकाकांनी मला त्या सकाळी फोनवर सांगितलं. काका वहिनींचे शेजारी. "डिझेल बंद केलं तरी चालतंय. उद्या महाराज टेम्पो आणून मठात नेणार. नांगरणी आठ दिवसांवर आली, आता काय दातांनी नांगरू?"

म्हणून मी गर्दीत उभी होते.

"आत्मा म्हणजे काय?" भरतनाथांनी विचारलं आणि स्वतःच सांगितलं. "आत्मा म्हणजे करंट! देह दरडीत गेला, करंट कुठे जाणार? जिथे माया, तिथे अर्थिंग! मी हिमालयात बारा वर्षं होतो. यंत्राला मी कधी हात लावला नाही. पण हैबती मला स्वप्नात म्हणाला, महाराज, मला भूक लागलीय."

त्यांनी हँडल लावलं, चार फेरे मारले. इंजिन फट्‌फट् करत सुरू झालं. मी त्यांचा हात बघत होते. अंगठा बोटांच्या बाजूला होता.

हिमालयात हे कोण शिकवतं?

महाराजांनी डिझेलचा कॉक, म्हणजे तोटी, बंद केला. पाइपच काढून सगळ्यांना दाखवला. थेंब नाही. इंजिन क्षणभर अडखळलं आणि मग चालतच राहिलं. हळूहळू आवाज चढला. फट्‌फट् एकमेकांत मिसळून एक लांब किंकाळी झाली. पांढरा धूर अंगणभर पसरला. सीट थरथरून टोपी खाली पडली.

"वास घ्या!" महाराज ओरडले. "कसला वास येतोय?"

"वड्यांचा!" एक बाई रडत म्हणाली. "हैबतीभावजींना वडे लय आवडायचे!"

खरंच वड्यांचा वास होता. सणाच्या सकाळचा. वहिनी हात जोडून धुराकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी चार वर्षांत न पाहिलेलं काहीतरी होतं.

खोटं सांगत नाही. माझ्याही तोंडून निघालं, "हैबतीदादा?"

मग महाराजांनी भगवं उपरणं पाण्यात बुडवलं आणि इंजिनाच्या डोक्यावरच्या टोपणाला गुंडाळलं. कापड आत ओढलं गेलं. बाहेर आलं. पुन्हा आत गेलं. श्वास. आणि इंजिन थांबलं. गर्दी नमस्काराला मातीवर आडवी झाली.

मीही वाकले, पण टोपी उचलायला. तिथून मला दिसलं, की सगळे फ्लायव्हीलच्या, त्या जड फिरत्या चाकाच्या, रेषेतच दाटले होते आणि महाराज एकटेच बाजूला, जागा हेरून उभे. इंजिन बेलगाम सुटलं की फ्लायव्हील फुटू शकतं आणि त्याचे तुकडे त्याच रेषेत उडतात, हे माहीत असलेला माणूस तसा उभा राहतो. या मठवाल्याने दोनशे माणसांना मरणाच्या तोंडासमोर उभं केलं होतं, आणि स्वतः नेमका तीन पावलं बाजूला.

"महाराज, पुन्हा चालू करा," मी म्हटलं. "या वेळी मी थांबवते. आणि तुम्ही सगळे आधी या बाजूला या."

"तू कोण?"

"ते इंजिन बसवणारी."

"म्हणूनच!" महाराज गर्दीकडे वळले. "परक्याचं काळीज घातलंय ह्यांनी आपल्या हैबतीला!"

"पंपाचं काळीज आहे, महाराज. घाबरलात का?"

महादूकाकांनी तेवढ्यात उपरणं सोडून महाराजांच्या खांद्यावर टाकलं, पाइप जोडला आणि हँडल मारलंसुद्धा. कॉक बंद केला. पुन्हा किंकाळी, पुन्हा धूर. मी ओढणी भिजवून टोपणाला गुंडाळली. कापडाने श्वास घेतला, इंजिन थांबलं.

मग काका म्हणाले, "हिच्यात पण शक्ती हाय काय रे?"

दोन बायकांनी मला नमस्कार केला. आयुष्यात एवढी हताश मी कधी झाले नव्हते.

"शक्ती नाय काका, ओढणी हाय. हवा बंद केली, तो मेला. तुम्ही कापड बांधा, तुमच्यात पण शक्ती येईल." मी टोपणाच्या क्लिपा उघडल्या. "हा एअर क्लीनर. इंजिनाचं नाक. याच्या खाली वाटी असते, वाटीत थोडं तेल. हवेतली धूळ त्या तेलाला चिकटते. वहिनी, या वाटीत तेल कोण घालतं?"

वहिनी पुढे आल्या. "मी. महाराज म्हणाले, दर शनवारी दोन पळ्या गोडं तेल. सात शनवार. आणि तोवर नांगराला लावायचा नाय."

वाटी काठोकाठ भरली होती. मी ती एका डब्यात ओतायला लागले. तेल उतरत गेलं आणि वाटीच्या आत अर्ध्यावर एक रेघ दिसली. शेजारी खिळ्याने कोरलेली माझी अक्षरं: याच्या वर तेल नको.

"रेघेवर तेल गेलं की इंजिन हवेबरोबर तेच ओढतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबून तापलेल्या हवेत जे जळेल ते त्याचं इंधन. डिझेल बंद केलंत, तो गोडं तेल प्यायला लागला. म्हणून धुराला वड्यांचा वास."

"खोटं!" महाराज म्हणाले. "तिने हात लावला, आत्मा रुसला. आता चालणारच नाही!"

"बघू या."

रेघेपर्यंत तेल ठेवून इंजिन चालू केलं, कॉक बंद केला. फट्, फट्, फट्. थांबलं.

"रुसला!" महाराज.

मी दोन पळ्या वाटीत परत घातल्या, मग आणखी चार. चालू, कॉक बंद. किंकाळी. ओढणी. थांबलं. पुन्हा तेल काढलं. चालू, कॉक बंद. मुकाट मेलं.

"महाराज," महादूकाका म्हणाले, "हा आत्मा पळीने मोजून येतो काय हो?"

पहिलं हसू मागून आलं. मग अंगणभर.

"आणि हँडल मारताना अंगठा कुठे ठेवायचा, हे हिमालयात कुठल्या गुरूंनी सांगितलं?" मी विचारलं.

महाराजांनी हात पटकन उपरण्याखाली घेतला. पुढे कळलं, ते आठ वर्षं एका खडी फोडायच्या मशिनवर डिझेल जनरेटर सांभाळत होते. टेम्पो दुसऱ्या दिवशी आला नाही.

गर्दी पांगली. वहिनी वाटी पदराने पुसत बसल्या होत्या. हात रेघेवर पुन्हा पुन्हा जात होता.

"मग मी तीन वर्षं बोलत व्हते ती कुणाशी गो?"

"हैबतीदादांशीच, वहिनी. पण ते यात नाहीत."

"तू तेल काढलंस तेव्हा मला वाटलं, त्यांनाच काढतेयस."

त्यांनी वाटी लावली, क्लिपा बसवल्या, टोपी झटकून स्वतःच्या डोक्यावर घातली आणि नऊ दिवसांनी पहिलं खाचर नांगरलं. बोलत होत्या की नाही, मला लांबून दिसलं नाही.

माझं मागणं थोडं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी झाकण उघडायला सांगा. उघडू दिलं नाही, तर उत्तर मिळालंच. उघडलं, तर आत बघा, वास घ्या, पुन्हा करून पाहा, आणि तिसऱ्यांदाही करा. आपल्या गेलेल्या माणसावरची माया खरी असते. ती दुसऱ्याच्या पळीत देऊ नका.

पुराच्या आदल्या दुपारी हैबतीदादा ट्रॅक्टर दुरुस्त होईपर्यंत आमच्या माळ्यावर झोपायला तयार होते. मी त्यांना शेवटच्या एसटीने घरी पाठवलं.