कानबाईला माती लागते

“आक्का, यंदा कानबाई आम्हना घर बसू द्या,” मंगलाकाकू म्हणाली आणि आईचं लाटणं पोळीवर अर्ध्यात थांबलं.

आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पाहुण्यांसाठी एकच खुर्ची. तिच्यावर काकू, आणि खाली भूगोलाचं पुस्तक उलटं धरून मी. काकूने मोबाइलवर त्यांच्या नव्या घराचे फोटो आणले होते. आईने हात पुसून एकेक नीट बघितला. मी बघितलाच नाही. म्हणजे बघितला, पण चोरून. सीमाच्या खोलीला गुलाबी रंग! सीमा माझी चुलत बहीण, माझ्याच वर्गात, दहावीत. तिला स्वतःची खोली, खोलीला दार, दाराला आतून कडी. एका मुलीला इतकं सगळं लागतं कशाला?

“आठे तिले बसाडाले जागा तरी कोठे शे?” काकू म्हणाली.

“जागा करसूत ना काकू,” मी म्हटलं. “देवी शे ती. तिले काय वन बीएचके लागस का?”

“जागू!” आईने डोळे वटारले.

पूर्वी मी पाहुणे आले की मोरीत लपायचे. यंदा वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आले, तेव्हापासून माझं तोंड मिटत नाही, असं आई सगळ्यांना सांगते. तक्रार करतेय की मिरवतेय, तिचं तिलाच माहीत.

काकू हसली. “बोलाले बरी शिकनी व माय! मंग सांग, खड्डा कोठे करशी?”

आणि जिल्ह्यात दुसरी आलेली मुलगी उलट्या पुस्तकात तोंड खुपसून बसली.

कानबाई आमची खानदेशातली श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून तिला चौरंगावर बसवतात, सगळे भाऊबंद जमतात, रोट होतात. रोट म्हणजे खास तिच्यासाठी दळलेल्या गव्हाचं जेवण, पुरणपोळ्या, खीर, सगळं. ते बाहेरच्या माणसाला द्यायचं नाही. आणि ते खाऊन हात धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाऊ द्यायचं नाही. अंगणात खड्डा करायचा आणि सगळं त्यात जिरवायचं. आमच्या घराण्यात हा खड्डा कर्ता माणूस खणतो. मला आठवतंय तेव्हापासून तो पप्पांनीच खणलाय.

पण तेव्हा आमचं अंगण होतं. आता आम्ही विसरवाडीत रिखबचंद शेठच्या किराणा दुकानाच्या वर राहतो. माती जिना उतरल्यावर लागते, आणि ती शेठची.

माझे पप्पा, ईश्वर, पिठाची गिरणी चालवतात. आधी गिरणी आमची होती, तिच्यामागे आमचं घर. पप्पांनी कर्ज काढून मिरची कांडायचं यंत्र आणलं. वर्षभरात हायवेला कुणीतरी त्याहून मोठं आणलं. शेवटी गिरणी आणि घर दोन्ही विकून पप्पांनी कर्ज फेडलं, आणि जे उरलं ते पगारातून फेडताहेत. पगार कुठला? त्याच गिरणीतला! नव्या मालकाला गिरणी घेता आली, चालवता येत नाही. पप्पांना याचं काहीच वाटत नाही. मला वाटतं. पप्पांचा डबा द्यायला गेले की आमच्या दोरीवर दुसऱ्यांचे टॉवेल वाळत असतात.

मंगलाकाकूच्या नवऱ्याचं, म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ भरतकाका यांचं, टायरचं दुकान आहे. त्यांनी बँकेच्या कर्जावर घर बांधलं आणि पप्पांच्याही मागे लागले. “दादा, तुम्ही बी लोन करी टाका. भाडं भरी भरी काय हाती लागस?”

पप्पा म्हणाले, “भाडं महिनाभरमा मरी जास, भरत. हप्ता मरस नही. एक फेडता फेडता कंबर गयी, आते दुसरा नको.”

वाक्य मला फार आवडलं होतं. पण वाक्यात राहायला जाता येत नाही.

काकू गेल्या गेल्या मी खाली पळाले. दुकानामागच्या अंगणात शेठच्या आई, हीराबाई आजी, ओट्यावर माळ घेऊन बसल्या होत्या. समोर गुलाबाखाली काळीभोर, ओली माती. नुसती पडून होती!

“आजी, एक काम व्हतं. आठे कोपराले हातभर खड्डा करू का? एकच दिवस. मंग असा बुजी देसू का तुम्हले कळाव बी नही.”

आजींनी सगळं ऐकून घेतलं. त्या जैन, पण पन्नास वर्षं गल्ल्यामागे बसून त्यांची अहिराणी आमच्यापेक्षा चोख झालीय. “बेटा, दुसरं काही मांगती तं दिधं व्हतं. पन चौमासा शे. ओली मातीमा कितला जीव ऱ्हातस! मी चार महिना पालाभाजी खात नही, अन् मन्हा अंगणमा कुदळ मारू देसू?”

“पन आजी, देवीनं काम शे.”

“जीव बी तिन्हाच ना, बेटा?”

त्यांनी मला खाकऱ्यांचा डबा दिला. मी तो घेऊन जिना चढले, आणि प्रत्येक पायरीला मनात जळत होते. केवढी माणसं ही! मातीतल्या किड्यांचीसुद्धा काळजी करता यावी, एवढी स्वतःची माती!

संध्याकाळी पप्पा आले. भुवया पांढऱ्या, कानात पीठ. आईने काकूचं सांगितलं, मी आजींचं सांगितलं.

“तं मंग भरतना घर बसू दे,” पप्पा म्हणाले.

“पप्पा, एकदा गयी का ती वापस येवाव नही! मंग कर्ता म्हणून काकाच.”

“माले माहीत शे.”

“मंग?”

“मंग काय? भाऊनाच घर जाई ऱ्हायनी ना ती? रुसू नको. रोटना गहू मी सोता दळसू.”

रविवारी आम्ही काकांकडे गेलो. घर फोटोपेक्षाही चांगलं निघालं, याचा मला भयंकर राग आला. सीमाने मला तिची खोली दाखवली. कडी दोनदा लावून उघडून दाखवली. “तुले कवय बी अभ्यासले येवानं व्हई तं ये,” ती म्हणाली, तेही मनापासून. ती एकदा तरी मिरवली असती, तर मला बरं वाटलं असतं.

कानबाई मात्र सुंदर बसली होती. झेंडूच्या मखरात आमचीच नथ, आमचाच चौरंग. बायका गाणी म्हणत होत्या. पप्पांनी दळलेल्या पिठाचे रोट पंगतीत आले, आम्ही पोटभर खाल्ले आणि हात धुवायला सगळे भाऊबंद अंगणात आलो.

आणि थांबलो.

अंगणभर लाल-करडे पेव्हर ब्लॉक. भिंतीपासून फाटकापर्यंत, एक बोट शिरेल एवढी फट नाही. कानबाई येणार, पाहुणे येणार, म्हणून काकांनी ते मागच्याच आठवड्यात हौसेने बसवून घेतले होते. वीस-पंचवीस माणसं उष्टे हात हवेत धरून एकमेकांकडे बघायला लागली.

“भरत, देवीले काय टाइल्स चारशी रे?” एक म्हातारे काका म्हणाले आणि हशा पिकला.

भरतकाकांचं तोंड एवढंसं झालं. “बेसिनमा चालाव नही का एक डाव?”

“गटारमा? रोटनं पानी?” म्हातारे काका ओरडले.

मंगलाकाकू ब्लॉककडे बघत पुटपुटली, “नवा शेतस. एक काढा तं सगळा हालतीन.”

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. घ्या! केवढं मोठं घर, आणि देवीला हातभर माती नाही! आता पप्पा म्हणतील, चला, कानबाई उचला. मी आईचा पदर ओढला. आईने माझा हात झटकला.

पप्पा मागच्या बाजूला गेले आणि डाव्या हातात पहार घेऊन आले. सगळे बाजूला सरकले. दर वर्षी सरकतात तसेच. पप्पा भिंतीजवळच्या कोपऱ्यात गेले, जिथे ब्लॉक काढला तर कमीत कमी दिसेल. मग त्यांनी पहार काकांपुढे धरली.

“ले.”

“दादा, तुम्हीच करा ना. दर साल तुम्हीच...”

“घर तुन्हं शे, भरत. खड्डा तू कर.”

काकांनी पहार घेतली. पहिल्या घावाला ब्लॉकचा टवका उडाला, काकूने डोळे मिटले. मग ब्लॉक निघाला, खालची खडी निघाली, आणि तिच्याखाली माती दिसली. काकांच्या हाताचं पुरण पहारीला लागत होतं आणि काका खणत होते. सीमा तांब्या घेऊन उभी राहिली. त्यांच्या घरची मुलगी म्हणून.

मला त्या खोलीचा, त्या कडीचा जो हेवा वाटला होता, तो काहीच नव्हता, एवढा हेवा मला त्या खड्ड्याचा वाटला.

“दादा, पहिले तुम्ही,” काका धापा टाकत म्हणाले.

“पहिले घरवाला,” पप्पा म्हणाले.

मग ते भिंतीकडेने मागे गेले आणि म्हाताऱ्या काकांच्या मागे, पोरांच्याही मागे, रांगेत उभे राहिले. सदऱ्याला लागू नये म्हणून उष्टा हात अंगापासून लांब धरून, पाहुणे उभे राहतात तसे.