एकसंध साचा

आचऱ्याच्या खाडीकाठी भिकाजी मेस्ताची शेड होती. त्या शेडमधून निघालेल्या होडीच्या अंगावर सांध्याची रेघ सापडायची नाही, हे मालवणपासून देवगडपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला भिकाजी स्वतः सांगायचा. त्याचा बाप लाकडाच्या होड्या करी. भिकाजीने फायबर धरलं, पण ऐट बापाचीच राहिली. दुसरे कारागीर होडीचा साचा दोन तुकड्यांत करून मधोमध बोल्टांनी आवळायचे आणि मग होडीच्या पोटावर उमटलेली रेघ घासत बसायचे. भिकाजीचा साचा एकसंध असे. "साच्याक सांधो, म्हणजे होडयेक गळती," असं तो गिऱ्हाइकाला तोंडावर सांगे. हे खरं होतं असं नाही, पण समुद्रात जाणाऱ्या माणसापुढे गळतीचं नाव काढलं की तो पुढे वाद घालत नाही.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलाला, प्रितमला, गाड्यांचं वेड लागावं, हा देवाचा विनोद. डिप्लोमा झाला, पुण्यात एका कारखान्यात काही वर्षं गेली आणि २००४च्या दिवाळीनंतर स्वारी घरी परतली ती टेम्पोत पाइपांचा एक सांगाडा घालून. चार चाकं, दोन माणसांपुरती जागा आणि त्या जागेच्या पाठीमागे जुन्या मारुतीचं इंजिन. भोरकर नावाच्या पुण्याच्या एका हौशी माणसाने तो बनवला होता. असे सांगाडे आणि त्यांवरच्या बॉड्या विकायच्या, घेणाऱ्याने घरच्या घरी गाडी जोडायची, असा त्याचा बेत. बॉडीसाठी त्याला प्रितमचं ड्रॉइंग आवडलं होतं. पण नुसता कागद बघून हो म्हणणारा तो गडी नव्हता. पावसाळ्याच्या तोंडाशी मी येतो, तोवर साचा तयार ठेव, पसंत पडला तर सगळ्या बॉड्या तुझ्याकडूनच घेईन, असं त्याने सांगितलं होतं.

पसंत पडला नाही तर काय, तेही घरात सगळ्यांना माहीत होतं. प्रितमच्या मामाने शारजात नोकरी बघून ठेवली होती. बॉडी जमली तर पोरगा गावात, नाही जमली तर समुद्रापलीकडे. त्याच्या आईने, सुगंधाने, रामेश्वराला गाऱ्हाणं घातलं. भिकाजीने तसलं काही केलं नाही. तो दुसऱ्या दिवशीपासून मुलाबरोबर शेडमध्ये उभा राहिला.

"इंजिन पाठीक?" सांगाड्याभोवती एक फेरी मारून त्याने विचारलं.

"होडयेचा इंजिन खंय आसता, आबा?"

"पाठीक."

"मगे?"

भिकाजी खो खो हसला. खरं तर हे इंजिन अगदी पाठीला नव्हतं, सीट आणि मागची चाकं यांच्या मध्ये होतं. त्यामुळे भार मधोमध येतो आणि गाडी वळणावर सरकत नाही, हे प्रितमने समजावलं. भिकाजीला ते लगेच पटलं. होडीत जाळ्याचं ओझं कुठे ठेवायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

सुगंधा चहा घेऊन आली आणि सांगाड्यात डोकावली. "दोनूच सीटी? मी खंय बसू?"

"तू फुडे, आबांच्या बाजूक. मी पाठसून चलत येतंय," प्रितम म्हणाला.

काम होडीसारखंच होतं. आधी प्लायवूड, थर्माकोल आणि पुट्टी यांचा भरीव नमुना करायचा. त्याच्यावर फायबरचे थर चढवून साचा काढायचा. आणि मग त्या साच्यात हव्या तितक्या बॉड्या पाडायच्या. नमुना करण्यातच उन्हाळा आला. प्रितम लावायचा, घासायचा, लांब जाऊन बघायचा, मान हलवायचा आणि पुन्हा घासायचा. छप्पर त्याने इतकं खाली घेतलं की भिकाजी म्हणाला, "ह्येच्यात बसाचा की निजाचा?" इंजिनाला वारा मिळावा म्हणून दोन्ही कुशींना माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी ठेवल्या. आणि दारांच्या खाली बॉडी आत वळवली, मध्ये भरदार आणि तळाशी बारीक. "खाली बारीक झाली काय गाडी जमनीर बसलेली दिसत नाय, आबा. पळाक उभी रवल्यासारखी दिसता."

पृष्ठभाग सपाट झाला की नाही हे प्रितम ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबात बघे. भिकाजी डोळे मिटून तळवा फिरवी. तळव्याला जिथे अडखळायला होई, तिथेच नेमकी ट्यूबलाइटची रेघ वाकलेली असे, आणि मग बापलेक एकमेकांकडे बघून हसत. भिकाजीच्या आयुष्यातले ते सगळ्यांत सुखाचे महिने होते. प्रितम कळता झाल्यापासून दोघांना एकमेकांशी बोलायला विषय नव्हता. आता जेवतानाही बोलणं संपेना. हे सुख टिकावं म्हणून तो काय वाटेल ते करायला तयार होता, आणि घात झाला तो तिथेच.

मे संपत आला. नमुना तयार झाला. पुढची काच एका जुन्या गाडीची बसणार होती, ती कोल्हापुरात मिळत होती. प्रितम ती आणायला निघाला. निघताना त्याने नमुन्यावर पेन्सिलीने काही बारीक रेघा ओढल्या आणि म्हणाला, "आबा, मी येयपर्यंत साच्याक हात लावू नकात हां."

"बरा," भिकाजी म्हणाला.

तो गेला आणि वारा फिरला. दमट हवेत फायबरचे थर धरून ठेवणारं रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहतं, हे फायबरच्या धंद्यातलं पहिलं दुखणं. पाऊस एकदा बसला की गणपतीपर्यंत शेडमधलं काम बंद. भिकाजी दर घटकेला दारात येऊन पश्चिमेकडे बघे. काचेसाठी प्रितमला आणखी थांबावं लागेल, असा शेजारच्या दुकानात फोन आला. भोरकर येणार, साचा नसणार, पोरगा शारजाला जाणार. भिकाजीच्या डोळ्यांपुढे ते सगळं घडूनसुद्धा गेलं.

"साचो चढवया," तो लवूला म्हणाला. लवू त्याच्या हाताखाली वीसेक वर्षं काम करत होता.

"प्रितम येवंदे मेस्तानू."

"येवन तो काय करतलो? माका साचो काय नवो आसा? येयल तेवा तेका तयार दिसांदे."

नमुन्याला मेण चोळताना भिकाजीला पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. त्याला वाटलं, पोराने उंचीच्या खुणा केल्या असतील. मेणाच्या फडक्याबरोबर त्या पुसून गेल्या. मग दोघांनी थरावर थर चढवले, न थांबता, एकसंध. भिकाजीने असा साचा उभ्या जन्मात केला नव्हता. कुठे बुडबुडा नाही, कुठे सुरकुती नाही. सुकल्यावर त्याने त्यावर टिचकी मारली, ती घंटेसारखी वाजली. त्याला वाटलं, प्रितम बघेल आणि काही बोलणारच नाही, नुसता हसेल.

दुसऱ्या दिवशी साचा सोडवायला घेतला आणि तो सुटेना. पाचरी मारल्या. होडी अडली की साच्याच्या फटीत पाणी ओततात, तसं ओतलं. साचा जरासा हलायचा आणि पुन्हा धरून बसायचा. लवू म्हणाला, "आता प्रितम येयपर्यंत थांबाया." पण बुडत्याचा पाय खोलात. भिकाजीला आता मुलगा यायच्या आत ते निस्तरायचं होतं. त्याने छपराच्या तुळईला ओझं उचलायची साखळीची कप्पी टांगली, बंदरावरून चार गडी बोलावले आणि होडी वर ओढताना द्यायची तशी आरोळी दिली. गड्यांनी जीव खाऊन ओढलं.

नारळ फुटावा तसा आवाज आला. साचा कोपऱ्यापासून छपरापर्यंत तडकला. त्याच्याबरोबर नमुन्याची अख्खी कूस उपटून आली, आणि थर्माकोलचे गोळे शेडभर उडाले.

गड्यांनी साखळी सोडली. भिकाजी खाली वाकला, उपटलेल्या कडेखाली त्याने हात घातला आणि तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. होडी वर पसरट आणि तळाशी निमुळती असते, म्हणून साच्यातून ती परातीतून परात निघावी तशी निघते. ही गाडी होती घागरीसारखी, मध्ये फुगलेली आणि खाली बारीक. घागरीवर एकसंध साचा चढवला तर तो उतरणार कसा? जन्मभर होड्या केलेल्या माणसाच्या हे मनातच आलं नव्हतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत म्हणतात. भिकाजीला ते म्हणतासुद्धा येईना.

प्रितम संध्याकाळी आला. काच गोधडीत गुंडाळून त्याने कोल्हापूरपासून मांडीवर धरून आणली होती. तो शेडच्या दारात थांबला, काच सांभाळून भिंतीशी टेकवली आणि आत येऊन तुकडे बघत राहिला.

"रेघो कसल्यो होत्यो त्यो?" भिकाजीने विचारलं. त्याला माहीत झालं होतं, तरी विचारलं.

"साच्याचे तुकडे खंय पाडूचे, त्येच्यो. चार तुकडे करूचे होते."

"माका गाळी घाल रे. काय ता बोल."

प्रितमने एक तुकडा उचलला, उलटा करून बघितला आणि परत ठेवला. "आसांदे, आबा. जेवलास?"

शिव्या घातल्या असत्या तर भिकाजीने त्या आयुष्यभर आनंदाने वागवल्या असत्या. हे "जेवलास" त्याला पेलेना. तो शेडच्या मागे गेला आणि माडाला धरून उभा राहिला.

भोरकर ठरल्याप्रमाणे आला. हळहळला; माणूस वाईट नव्हता. पण नाशिकच्या एकाची बॉडी तयार होती, ती त्याने घेतली. सांगाडा टेम्पोत चढवताना प्रितमने स्वतः हात लावला. श्रावणाआधी तो शारजाला गेला.

त्याच्यामागे शेडच्या भिंतीवर ड्रॉइंग तेवढं राहिलं. गणपती झाल्यावर भिकाजीने झाडू मारला, ड्रॉइंगवरची धूळ पुसली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सांगाडा नव्हता, म्हणून ड्रॉइंगवरच्या मापांनी लाकडाचा केला. होड्यांची कामं असत तेव्हा होड्या, नसत तेव्हा गाडी. ट्यूबलाइटमध्ये बघायला कोणी नव्हतं, एकटा तळवाच. वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही गेलं.

"कोणासाठी करतास?" सुगंधा विचारी.

"तो येतलो मां."

फोनवर त्याने मुलाला यातलं अक्षर सांगितलं नाही. या वेळी साचा त्याने चार तुकड्यांत केला, कडा सोडून, बोल्ट लावून. बंदरावरचे लोक मुद्दाम बघायला आले. "मेस्तानू, साच्याक सांधो?" कोणीतरी डिवचलं. "होय, सांधो," भिकाजी म्हणाला आणि त्याने मान वरसुद्धा केली नाही. त्या साच्यातून बॉडी अलगद निघाली, केळीचं साल निघावं तशी. लवू ओरडला, नाचला. भिकाजी खाली बसला आणि डोळे पुसत राहिला.

प्रितम पहिल्यांदा रजा काढून आला तो २००९च्या चतुर्थीला. अंगाने भरला होता, घड्याळ मोठं होतं. चहा होताच भिकाजी त्याला शेडमध्ये घेऊन गेला आणि ताडपत्री ओढली. तांबडी, बुटकी, तळाशी बारीक झालेली ती गाडी समोर उभी होती, तंतोतंत ड्रॉइंगमधली.

प्रितमने गाडीभोवती एक फेरी मारली.

"छान झालीय, आबा," प्रितम म्हणाला. "खरंच खूप छान."

"भोरकराक कळवया? तू रवतलंस मां आता?"

"भोरकरांनी ते कधीच बंद केलं. नाशिकची बॉडीसुद्धा चालली नाही." त्याने छपरावर हात ठेवला आणि उचलला. "आणि माझं तिकडचं कॉन्ट्रॅक्ट मी वाढवून घेतलंय. बघू पुढे काय ते."

मालवणी सोडून बोललेली ही शुद्ध भाषा भिकाजीला चांगली ठाऊक होती. तहसील कचेरीत, बँकेत, डॉक्टरपुढे तोही अशीच बोले, शर्टाचं वरचं बटण लावून, कारण तिथली माणसं आपली नसत. या शेडमध्ये ती आजवर कोणी बोललं नव्हतं. पोराच्या मनात अढी नव्हती. असती तर भिकाजीला ती सोडवायला आणखी चार वर्षं चालली असती. अढी नव्हती आणि दुसरंही काही उरलं नव्हतं. भोरकर असो नसो, पोरगा राहील असं भिकाजीला इतकी वर्षं वाटत होतं, आणि आता वाटेना.

घरातून सुगंधाने जेवायला हाक मारली. "आलो, आई," प्रितमने ओ दिली.

भिकाजीने ताडपत्री पुन्हा ओढली, कडा नीट बसवल्या आणि मुलाकडे वळला. "चला," तो म्हणाला, "जेवून घ्या."

आपण मुलाला अहोजाहो केलं हे त्याचं त्यालाच ऐकू आलं. प्रितमच्या ते ध्यानातही आलं नाही. तो हात धुवायला विहिरीकडे गेला, आणि भिकाजी पाहुण्याला पुढे जाऊ द्यावं तसा शेडच्या दारात थांबून राहिला.