वाऱ्याची थाप

चष्म्याच्या त्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी काचेतला फोटो दिसायचा. फोटोत खुद्द दुकानाचा मालक, पंचेचाळिशीचा भारदस्त माणूस, लहान मुलीची गुलाबी, मांजराच्या कानांची फ्रेम नाकावर अडकवून ओशाळं हसत उभा. शाळेतून घरी जाणारी पोरं काचेला नाक लावून खिदळायची. फोटो काढून टाकायची सोय नव्हती. तो पुढच्या ड्राफ्टपर्यंत तिथंच राहील, असा निकाल त्याच्या बायकोनं दिला होता, कारण ती जिंकली होती आणि चष्मेवाला शेवटचा आला होता.

प्रकार असा होता. घरातले चौघं आणि शेजारच्या दवाखान्यातले दातांचे डॉक्टर, असे पाच जण दरवर्षी फुटबॉलचा मोसम सुरू व्हायच्या आधी एकत्र बसायचे आणि लीगमधले खरे खेळाडू आळीपाळीनं वाटून घ्यायचे. या वाटणीलाच ते ड्राफ्ट म्हणायचे. एकानं एक उचलला की तो दुसऱ्याला मिळायचा नाही. पुढे त्या खेळाडूनं खऱ्या सामन्यात गोल केला, गोलसाठी पास दिला, निदान पूर्ण वेळ मैदानावर पळाला, तरी त्याचे गुण निवडणाऱ्याला मिळायचे. मोसम संपला की पहिल्यानं शेवटच्याला शिक्षा सुनवायची, आणि शेवटच्यानं ती मुकाट भोगायची.

चष्मेवाला शेवटचा आला त्याचं कारण साधं होतं. त्यानं सगळे खेळाडू प्रेमात पडून घेतले होते. ज्यांचे फोटो छान येतात, ज्यांच्या नावाचा जयघोष होतो, असे. त्यातल्या तिघांचे गुडघे आधीच कामातून गेलेले होते. उरलेल्यांना कोच शेवटची दहा मिनिटं मैदानात सोडायचा, तेही प्रेक्षकांनी फार आरडाओरडा केला तर.

या वर्षी मात्र त्यानं कानाला खडा लावला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो जुने सामने बघायचा आणि नावाकडे न बघता कामाकडे बघायचा. पेनल्टी कोण मारतो? कॉर्नर कोण घेतो? दुखापत न होता वर्षभर कोण टिकतो? अशा शोधात त्याला एक माणूस सापडला. मधल्या फळीतला, टक्कल पडायला लागलेला, कुणाला चेहरा आठवू नये असा. संघही तसाच, ना वर ना खाली. पण त्या संघाची प्रत्येक पेनल्टी, प्रत्येक फ्री किक हाच मारायचा, आणि एकही सामना चुकवायचा नाही. ऊन असो, चिखल असो, हा आपला हजर. चष्मेवाल्यानं मनातल्या मनात त्याचं नाव पोस्टमन ठेवलं आणि असा खूश झाला की एका आजीबाईंना चष्म्याची नवी केस चुकून फुकट देऊन बसला.

अडचण एकच होती. बायको.

ती पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारी ऐकायचं काम करायची. दिवसभर फोनवर लोक तिच्यावर ओरडायचे आणि ती शांतपणे त्यातलं खरं काय ते वेचून काढायची. अशा बाईपासून घरात काही लपवणं म्हणजे मांजरासमोर दूध लपवण्यासारखं. गेल्या वर्षी चष्मेवाल्याच्या मनातला एकेक खेळाडू तिनं त्याच्या आधी उचलला होता, आणि वर "अय्या, तुला हवा होता का?" असंही विचारलं होतं.

म्हणून त्यानं ठरवलं की या खेपेला तिला चुकीच्या वाटेला लावायचं. त्यासाठी त्यानं निवडला वारा. वारा म्हणजे कडेनं पळणारा एक पोरगेला खेळाडू, पळायला लागला की कॅमेऱ्यालाही सापडायचा नाही. गेल्या मोसमात त्यानं दोन-चार देखणे गोल केले होते, पण आता संघाला नवा कोच आला होता, आणि त्याला पळणाऱ्यांपेक्षा थांबून विचार करणारे आवडायचे. वाऱ्याचं बाकावर बसणं जवळजवळ ठरल्यातच जमा होतं.

मागच्या खोलीत मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मशीनवर लेन्स घासत बसला होता. चष्मेवाल्यानं दार लोटून घेतलं.

"हे बघ, कुणाला सांगायचं नाही. मी पहिला वारा घेणार."

"वारा? भाऊजी, नक्की?"

"या वर्षी तो सगळ्यांना पाणी पाजतो की नाही बघ. पण तुझ्या ताईला कळता कामा नये."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

विश्वास पुरेपूर होता. मेहुण्याच्या पोटात काही राहत नाही, यावरच तर सगळा डाव उभा होता. जेवणाच्या सुट्टीत तो शेजारी दात साफ करून घ्यायला गेला आणि डॉक्टरांना सांगून आला. आत्याला जिन्यात सांगितलं. ताईला तर त्यानं कार्यालयात फोनच केला.

आत्या म्हणजे चष्मेवाल्याच्या वडिलांची बहीण, त्याला अजूनही बाळ्या म्हणणारी. वरच्या मजल्यावर राहायची, उभा जन्म पोरांना पोहायला शिकवण्यात गेलेला, त्यामुळे माणूस बघायचा तो खांद्यांकडून. तिनं वाऱ्याचा फोटो बघून सांगितलं, "खांदे नाहीत. पण बाळ्याला आवडतोय तर आवडू दे."

त्या संध्याकाळी जेवताना चष्मेवाला वाऱ्याबद्दल इतका बोलला की ताटातलं गार झालं. बायको हूं हूं करत ऐकत होती. मग तिनं सहज विचारलं, "या वर्षी पेनल्टी मारणारे चांगले कोण कोण आहेत रे?"

चष्मेवाल्यानं धडाधडा नावं सांगितली. कोण उजवीकडे मारतो, कोण डावीकडे, कुणाचे पाय लटपटतात, सगळं. बायकोनं त्याला अजून थोडी कोशिंबीर वाढली.

ड्राफ्ट रविवारी दुपारी दुकानातच झाला. शटर अर्धं ओढलेलं, काउंटरवर चहा, भिंतीवर नंबर तपासायचा अक्षरांचा तक्ता. चष्मेवाल्यानं सगळ्यात आधी काचेतला फोटो काढला, फाडला आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकून वर चहाचा चोथा ओतला. मग चष्म्याच्या रिकाम्या केसमधून चिठ्ठ्या काढल्या. पहिली आत्या, मग डॉक्टर, मग मेहुणा, मग बायको आणि शेवटी चष्मेवाला. दुसऱ्या फेरीत उलट क्रम, म्हणजे चष्मेवाल्याला लागोपाठ दोन निवडी. त्याला वाटलं, नशीब आपल्यावर मेहेरबान आहे.

आत्यानं पहिल्याच निवडीत गोलकीपर घेतला. सगळे हसले. पहिल्या फेरीत गोलकीपर कुणी घेत नाही, तो शेवटीसुद्धा मिळतो.

"हसा," आत्या म्हणाली. "खांदे बघा आधी."

डॉक्टरांनी लीगमधला सर्वांत जास्त गोल करणारा उचलला आणि जणू आपणच त्याला जन्म दिला अशा थाटात सगळ्यांकडे बघितलं. मेहुणा वाऱ्यावर अडखळला, भाऊजींकडे बघितलं, आणि शब्द दिल्यासारखी मान हलवून दुसराच कुणीतरी घेतला. चष्मेवाल्यानं चहाचा कप तोंडाला लावला. आता बायको वारा घेणार. घेऊ दे.

बायकोनं पदरानं चष्मा पुसला आणि पोस्टमनचं नाव घेतलं.

चहा चष्मेवाल्याच्या नाकात गेला. मेहुण्यानं पाठ थोपटली. डॉक्टर म्हणाले, "हा कोण?"

"आहे एक," बायको म्हणाली. "टक्कल आहे थोडं."

चष्मेवाला खोकायचं थांबला तेव्हा चौघंही त्याच्याकडेच बघत होते.

"चल, तुझी पाळी," बायको गोड आवाजात म्हणाली. "वारा आहे अजून. सगळ्यांनी तुझ्यासाठी ठेवलाय."

"हो रे बाळ्या, आठवडाभर जीव टाकतोयस त्याच्यावर," आत्या म्हणाली. "घे की."

आता काय बोलणार? वारा नको म्हणावं तर आठवडाभराची थाप उघडी पडते, आणि सगळा बाजार पुढचं वर्षभर त्यावर हसतो. घ्यावा तर पहिली निवड पाण्यात जाते. चष्मेवाल्यानं घसा खाकरला, चेहऱ्यावर जमेल तेवढा आनंद आणला आणि म्हणाला, "वारा."

मेहुण्यानं टाळ्या वाजवल्या. बायकोनंही वाजवल्या, जरा जास्तच.

पुढच्या निवडीला मात्र चष्मेवाला सावरला. एकदा नाक कापलं गेल्यावर माणसाला जी एक शांतता येते, ती त्याला आली. कॉर्नरवर डोक्यानं गोल करणारा उंचपुरा बचावपटू घेतला. नंतर एकेक करून असेच, न दुखणारे, न चमकणारे, रोज कामावर जाणारे. डॉक्टर नावांच्या मागे धावत होते, मेहुणा ऐकीव बातम्यांच्या. आत्या खांदे बघत होती.

सगळे गेल्यावर कप विसळताना त्यानं बायकोला विचारलं, "कसं कळलं?"

"काय?"

"उगाच वेड पांघरू नकोस."

ती हसली. "बाकी सगळ्या पेनल्टीवाल्यांची नावं घेतलीस. एकाचंच नाही घेतलंस. लोक फोनवर दाब कमी आहे म्हणून अर्धा तास भांडतात आणि बागेतल्या फुटलेल्या नळाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी आधी तोच नळ बघायला माणूस पाठवते."

चष्मेवाल्यानं कप उलटा घातला. राग आला होता, पण त्यात थोडं कौतुकही मिसळलं होतं, आणि दोन्ही एकदम गिळणं जड जात होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर नंबर तपासायला आले. खरं तर त्यांचा नंबर तीन महिन्यांपूर्वीच तपासून झाला होता. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "वारा मिळाला हो तुम्हाला. भाग्यवान."

चष्मेवाल्यानं त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरात थाप मेली होती. पण शेजारच्या दवाखान्यात ती अजून ठणठणीत होती!

"पहिलं बरं दिसतं की दुसरं?" त्यानं काच बदलत विचारलं.

"दुसरं. अदलाबदल करता का? मी माझा घड्याळ देतो." घड्याळ म्हणजे मागच्या फळीतला एक फ्री किक मारणारा, पहिल्या मिनिटापासून शेवटच्यापर्यंत पळणारा. सगळ्यांनी मिळून ठेवलेलं नाव.

चष्मेवाल्याचं मन चरकलं. डॉक्टर भला माणूस होता, आत्याची दाढ काढली तेव्हा पैसे घेतले नव्हते. त्यानं काच खाली ठेवली.

"डॉक्टर, खरं सांगू? नका घेऊ. नवा कोच वाऱ्याला खेळवणार नाही. बाकावर बसेल तो."

जाड काचांमागे डॉक्टरांचे डोळे बारीक झाले. "अस्सं? म्हणजे इतका हवाय तुम्हाला तो?"

"नाही हो, शपथेवर सांगतो. मला स्वतःलाच नको होता."

"काय माणूस आहात तुम्ही!" डॉक्टर कौतुकानं म्हणाले. "आठवडाभर तोंडानं त्याचं गाणं, आणि आता मी मागितला तर बाकावर बसणार? मी रोज लोकांच्या तोंडात बघतो साहेब. दुखत नाही म्हणणाऱ्याचीच दाढ किडलेली असते. घड्याळ घ्या आणि वर तो नवा पोरगाही घ्या, तुमचा कुठलाही एक द्या बदल्यात."

"मी तुम्हाला सावध केलं होतं, हे लक्षात ठेवा."

"ठेवलं. पहिलं की दुसरं म्हणत होतात?"

"दोन्ही सारखंच आहे, डॉक्टर. तुमचा नंबर बदललेला नाही."

दुपारी ही बातमी मेहुण्यामार्फत कार्यालयात पोचली. संध्याकाळी बायको घरात शिरली ती पर्स न ठेवताच म्हणाली, "खरं सांगून गंडवलंस डॉक्टरांना?"

"मी काय करू? मी तर नको नको म्हणत होतो."

ती सोफ्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मोसम सुरू झाला. वारा बाकावर बसला आणि अंगावर शाल घेऊन बसूनच राहिला. डॉक्टर दर सोमवारी दुकानासमोरून जाताना तोंड फिरवायचे. हिवाळ्यात वाऱ्याच्या संघातले दोघं जायबंदी झाले, नाइलाजानं त्याला उतरवलं आणि पठ्ठ्यानं एका सामन्यात दोन गोल केले. त्या दिवशी डॉक्टर स्वतः दुकानात आले. "मी म्हटलंच होतं," म्हणून गेले, आणि पुढच्या आठवड्यात वारा परत बाकावर. पण तेवढ्यानं दोघांचं बोलणं सुरू झालं. आत्याच्या गोलकीपरनं इतके गोल अडवले की ती तिसरी आली. ती आता कुणालाही न विचारता त्याच्या खांद्यांबद्दल बोलायची.

पहिल्या जागेसाठी मात्र नवरा-बायकोतच झुंज लागली. शेवटच्या दिवशी दुपारी दोघं टीव्हीपुढे बसले तेव्हा चष्मेवाला दोन गुणांनी पुढे होता. त्याचे सगळे सामने संपले होते, आणि बायकोचा एकटा पोस्टमन मैदानावर होता. सामना संपत आला, आणि पंचानं पेनल्टी दिली.

बायकोनं उशी छातीशी धरली. पोस्टमननं चेंडू ठेवला, टकलावरचा घाम पुसला, मागे सरला. चुकला तर चष्मेवाला जिंकणार होता. त्यानं मनात म्हणून बघितलं, चूक. पण या माणसाला त्यानं कितीतरी दुपारी रिकाम्या दुकानात बसून पाहिलं होतं, एकट्यानं, कुणालाही त्याचं नाव माहीत नसताना.

"मार रे," तो मोठ्यानं म्हणाला.

चेंडू जाळ्यात गेला. बायको ओरडली, मग थांबून त्याच्याकडे बघत राहिली. "तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"त्याला आधी मी शोधलाय," चष्मेवाला म्हणाला. "तू नंतर चोरलास."

"मग पुढच्या वर्षी आधी माझ्याजवळ बोलायचं," ती म्हणाली आणि उशी त्याच्या अंगावर फेकली.

शेवटचा आला मेहुणा. दोन्ही बाजूंच्या सगळ्या बातम्या त्यानं पोचवल्या होत्या, आणि सगळ्या खऱ्या मानल्या होत्या. ताईनं शिक्षा सुनवली, वर्षभर मिशी ठेवायची नाही. कॉलेजपासून जपलेली, तेल लावून टोकं वळवलेली मिशी होती ती. मेहुणा दोन दिवस गयावया करत फिरला, तिसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन आला आणि मागच्या खोलीत मशीनमागे लपून बसला. गिऱ्हाइकं चष्मेवाल्याला विचारू लागली, नवा माणूस ठेवलात का? आत्यानं त्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि सांगितलं की आता कुठे माणसात आलास. डॉक्टरांच्या दवाखान्यात नव्यानं लागलेली नर्स चष्म्याच्या स्क्रूसाठी आठवड्यात तिसऱ्यांदा आली, तेव्हा मेहुण्यालाही ते पटलं. शिक्षेची मुदत संपली तरी त्यानं मिशी काही परत वाढवली नाही.