बिनआवाजाचा चिमटा

मंजुळा आत्या तपासणीच्या टेबलावरून उतरली, लुगडं नीट केलं, चपला हातात घेतल्या आणि छावणीजवळच्या दवाखान्यातून थेट पडेगावपर्यंत चालत आली. आई रिक्षात बसून तिच्या मागं मागं. "अवो वन्सं, बसा की आत. लोकं बघायलेत." आत्यानं मान वळवली नाही. घरी आल्यावर मेंढ्यांना पाणी दाखवलं, भाकर खाल्ली आणि सांगून टाकलं, "म्या पुन्यांदा तिथं जाणार नाय."

का ते कुणालाच सांगितलं नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं आहे, त्यामुळं माझ्यापासून लपवायची गोष्ट कुजबुजत बोलतात आणि मला ती आणखी नीट ऐकू येते. आत्याची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि दिवाळीपासून तिच्या अंगावर पुन्हा लाल जायला लागलं होतं. डॉक्टरबाई आईला म्हणाल्या होत्या, "बहुतेक वेळा साधंच निघतं. पण आत बघितल्याशिवाय मी तसं म्हणू शकत नाही. लांबवू नका." आई रोज समजावायची. बाबा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, बहिणीशी असल्या विषयावर बोलायचं कसं म्हणून नुसते अंगणात येरझाऱ्या घालायचे.

मी बानू. नववीत आहे. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. मग वादविवाद स्पर्धेत दुसरी आले आणि तेव्हापासून माझा हात खालीच येत नाही, असं आई म्हणते. तर मी ठरवलं की आत्याला न घाबरवणारं उपकरण आपणच बनवायचं. शाळेत नवीन प्रयोगशाळा झाली होती, तिथं प्लॅस्टिकच्या वस्तू छापणारा थ्रीडी प्रिंटर होता, आणि दीड महिन्यावर विज्ञान प्रदर्शन होतं. एवढं सगळं जुळून आलेलं असताना गप्प बसणं मला जमलं नसतं.

पहिली अडचण अशी की ते उपकरण दिसतं कसं तेच मला माहीत नव्हतं. म्हणून शाळा सुटल्यावर मी त्याच दवाखान्यात गेले, चिठ्ठी काढली आणि गणवेशातच बायकांच्या रांगेत बसले. शेजारच्या बाईनं माझ्याकडं फार दयेनं पाहिलं. "बाये, कितवा म्हैना?"

"नववी अ," मी म्हणाले.

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय होतंय तुला?"

"मला काही होत नाही. माझी आत्या तुमच्या टेबलावरून उतरून गेली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पाकीटबंद स्पेक्युलम काढून माझ्या हातात दिला. पांढरं प्लॅस्टिक, बदकाच्या चोचीसारखे दोन भाग आणि खाली दांडा. चोच मिटलेली आत जाते, मग दांडा दाबून ती उघडायची, म्हणजे गर्भाशयाचं तोंड दिसतं.

"हे कुणी बनवलं?"

"हा आकार शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा. पुरुष डॉक्टरांनी काढलेला. फारसा बदललेला नाही."

"तुमची तपासणी झालीये का कधी ह्यानं?"

आता मला कळतं की असं कुणाला विचारायचं नसतं. पण त्या रागावल्या नाहीत. "झालीये," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून वीसपर्यंत आकडे मोजले."

मी ते वहीत लिहून घेतलं.

पुढचे तीन आठवडे मी प्रयोगशाळेतून हललेच नाही. विज्ञानाच्या सरांनी प्रकल्पाचं नाव वाचलं, 'स्त्रियांच्या अंतर्गत तपासणीचे सुखकर उपकरण', आणि चष्मा पुसायला घेतला. "बानू, नाव जरा मोघम ठेवता येईल का? पाहुणे येतात."

"सर, मोघम ठेवलं तर त्यांना वाटेल पापड भाजायचा चिमटा आहे."

सरांनी सही केली.

मला वाटत होतं की आत्या लाजली असणार, किंवा उपकरण टोचेल म्हणून घाबरली असणार. म्हणून मी चोच अरुंद केली, कडा गोल केल्या, वरून मऊ रबराचं आवरण चढवलं, आणि तेही गुलाबी. दांड्याला पाच दाते ठेवले, म्हणजे चोच हवी तेवढीच उघडून तिथंच थांबेल. कट्, कट्, कट् असा अगदी नेमका आवाज यायचा. त्या आवाजाचा मला फार अभिमान वाटायचा.

रविवारी मी ते घेऊन माळावर गेले. आत्या दौलताबाद रस्त्याच्या कडेला मेंढ्या चारत होती, एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला काटा काढत बसली होती.

"आत्या, बघ. तुझ्यासाठी बनवलंय."

तिनं हात पुसले. चोचीवरून अंगठा फिरवला, गालाला लावून बघितलं. "मऊ केलंस की गं," ती म्हणाली. माझी छाती फुगली. मग तिनं दांडा दाबला.

कट्.

तिनं ते टाकलं. ठेवलं नाही, टाकलं, निखारा हातात आल्यासारखं. मांडीवरची मेंढी उठून पळाली.

"ह्यो तर खच्चीचा चिमटा हाय."

"नाही गं आत्या, हा वेगळा..."

"मला नको शिकवू. धा वरसाची व्हते तवापासून मेंढं धरतेय म्या."

मग तिनं सांगितलं. जनावरांचा डॉक्टर येतो तेव्हा मेंढ्यांच्या नरांना खच्ची करतात. एकानं मागचे पाय फाकवून धरायचे, आणि आमच्यात ते काम कायम आत्याचं. डॉक्टर मोठा लोखंडी चिमटा लावतो, दाबतो, कट् असा आवाज होतो. "मेंढं वरडत बी नाय बघ," आत्या म्हणाली. "निस्तं थरथरतं, आन मंग बसतं. तिथं दवाखान्यात म्या पाय वर करून पडलेली. त्या बाईनं पाकीट फोडलं आन माझ्या पायापाशी हुबं राहून वाजीवलं. कट् कट्."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमच्या चिमट्यानं मला मेंढ्याची याद आली म्हणून? हसल्या असत्या समद्या."

मी गवतात बसले. मला हसू आलं नाही. माझ्या वहीची चौतीस पानं भरली होती. त्यात डॉक्टरबाई होत्या, सर होते, मापं होती, रबराची जाडी होती. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिला एकही प्रश्न नव्हता. तिच्या आणि माझ्या अंथरुणात एका गोधडीचं अंतर असतं आणि मी विचारलं नव्हतं.

म्हणून आता विचारलं. "मेंढी अडली तर तू कोकरू कसं काढतीस?"

"कसं म्हंजी? हात ऊन पान्यात धरायचा आधी. गार हात लावला का ती आकसती. नखं काढायची, तेल लावायचं. आन घाई नाय करायची. तिनं कळ दिली का थांबायचं, तिनं ढिलं सोडलं का आत."

"आणि आवाज?"

"आवाज कशाला? तोंडानं बोलायचं तिच्याशी."

पस्तिसावं पान हे आहे.

बाबा वाळूजला एका कारखान्यात साचे पॉलिश करतात. त्यांच्या बोटांना रेघ कळते, आपल्या डोळ्यांना दिसत नाही ती. रात्री जेवण झाल्यावर मी मॉडेल त्यांच्यापुढं ठेवलं. ते काय आहे हे त्यांना कळलं होतं. मला कळलं होतं की त्यांना कळलंय. त्यांनी एवढंच विचारलं, "अंग कोन्त्या बाजूनं लागणार?"

"बाहेरच्या."

त्यांनी पिशवीतून पॉलिश पेपर काढले, आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. रबराचं आवरण सोलून काढलं. "रबर घासतं," म्हणाले. घासता घासता खाली बघूनच बोलले, "दातं काढ. दातं असले का वाजणारच. स्क्रूवानी आटे दे, आन मधी रबरी रिंग. हळू फिरतंय, जिथं सोडलं तिथं थांबतंय." मग कागदाची घडी पालटली. "आक्काला लई तरास होतो का?"

"होतो, बाबा."

ते पुन्हा घासायला लागले.

दुसरं मॉडेल एकदम गुपचूप उघडायचं. मी ते कानाला लावून बघितलं, झोपलेल्या मांजराच्या कानाजवळ नेऊन बघितलं. मांजर उठलं नाही. मी दवाखान्यात जवळजवळ पळतच गेले.

डॉक्टरबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, उघडलं, मिटलं. "सुंदर झालंय," त्या म्हणाल्या. "पण हे कुणाच्या शरीरात घालता येणार नाही, बानू."

प्रिंटरच्या थरांमध्ये बारीक भेगा राहतात, त्यात जंतू बसतात. ते उकळता येत नाही. खरं उपकरण व्हायचं तर चाचण्या, परवानग्या.

"किती दिवस लागतील?"

"वर्षं. पाच, कदाचित दहा."

आत्याचं रक्त पाच वर्षं थांबणार नव्हतं. वादविवादातला एकही मुद्दा मला आठवेना. मग मी मुद्दे सोडले आणि फक्त आत्याची गोष्ट सांगितली. मेंढा, चिमटा, पायापाशी झालेला आवाज.

डॉक्टरबाईंनी ट्रेमधला प्लॅस्टिकचा स्पेक्युलम उचलला, कानाजवळ नेला आणि दाबला. कट्. पुन्हा दाबला. दारात मदतनीस साळूबाई उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी माझ्यामुळं व्हय? म्या तर चांगला चालतो का ते बघत व्हते, बाई."

"माझ्याही लक्षात आलं नाही कधी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून स्टीलचा एक लहान स्पेक्युलम काढला. त्याला दाते नव्हते, स्क्रू होता. "हा वाजत नाही. पण गार लागतो म्हणून बायका तक्रार करायच्या. प्लॅस्टिकचे आले तसे हे बाजूला ठेवले."

"मग तो ऊन करा की," मी म्हणाले. "आत्या हात ऊन करते."

दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. साळूबाई म्हणाल्या, "चहाची लाईटवरची किटली हाय आपल्याकडं."

माझं मॉडेल मी आत्याला दिलं. खरं उपकरण स्टीलचं असेल, पण चालेल असंच, हेही सांगितलं. दोन दिवस तिनं ते कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी बाळगलं. मेंढ्यांमागं चालताना काढायची, स्क्रू फिरवायची, उघडायची, मिटायची, परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी लुगडं बदलून उभी राहिली. "चल. पर आवाज आला तर म्या उतरणार. मंग पुन्यांदा इचारायचं नाय."

टेबलावर आत्या पडली आणि मी तिच्या डोक्याशी उभी राहिले, हातात तिचा हात. साळूबाईंनी उकळून तयार ठेवलेल्या स्टीलच्या स्पेक्युलमवर किटलीतलं कोमट पाणी सोडलं. आत्यानं हात पुढं केला. "आधी मला द्या." मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितला. "आजून ऊन पायजे." पुन्हा पाणी. पुन्हा मनगट. मग मान हलवली.

"तुम्ही स्वतःच्या हातानं आत घ्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी फक्त दिशा सांगते. थांबावंसं वाटलं की थांबा."

आत्यानं चादरीखाली हात नेला. मी छताकडं बघत होते. पंखा, पाल, पंखा. डॉक्टरबाई हलक्या आवाजात बोलत होत्या, श्वास सोडा, घाई नाही, आता स्क्रू मी फिरवते, बघा, काही वाजत नाहीये. खरंच काही वाजत नव्हतं. आत्याची बोटं माझ्या हातात सैल पडायला लागली.

कट्.

आत्याच्या नखांनी माझ्या मनगटावर चार खुणा केल्या. डॉक्टरबाईंचा हात जागच्या जागी थांबला. आत्याचा गुडघा वर यायला लागला आणि मला वाटलं, झालं, उतरली.

कोपऱ्यातून साळूबाईंचा रडका आवाज आला. "किटली हाय वं माय. पानी उकळलं का बटन पडतंय तिचं."

आत्या छताकडं बघत राहिली. गुडघा हळूहळू खाली गेला. मग म्हणाली, "मंग च्या तरी टाक. आल्यासारकं पिऊन जाते."

आधी डॉक्टरबाई हसल्या, मग आत्या, आणि हसता हसता तिनं अंग ढिलं सोडलं. "आता बघा," ती म्हणाली. "आता ढिलं हाय."

त्यांनी बघितलं. आत एक लहानशी गाठ होती, तिचा तुकडा तपासायला पाठवला. आम्ही चहा घेतला. आत्यानं घरी परत येताना रिक्षा केली.

रिपोर्ट यायच्या आधीच्या आठवड्यात प्रदर्शन झालं. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. एका परीक्षकांनी हे कुठं वापरतात विचारलं, मी सांगितलं, आणि ते शेजारच्या पवनचक्कीकडं वळले. मॉडेल डॉक्टरबाईंनी मागून घेतलं. "आत जाणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हातात तर जाईल. रांगेतल्या बायकांना बघू दे."

रिपोर्ट आणायला मी आणि आत्या गेलो. गाठ साधी निघाली होती, एका दिवसात काढता येण्यासारखी. आत्यानं तो कागद घडी करून कमरेला लावला. मग माझी वेणी उगाचच एकदा ओढली.

बाहेर बाकावर पैठणकडची एक तरुण बाई बसली होती, पहिल्यांदाच आलेली. तिच्या हातात माझं मॉडेल होतं. ती ते दोन बोटांत धरून, लांब ठेवून, विंचवाकडं बघावं तसं बघत होती. आत्या तिच्यासमोर थांबली.

"उलटा धरलास, बाये," आत्या म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. "सरक. हिकडं दे. आधी आवाज ऐक त्याचा."

आणि तिनं ते त्या बाईच्या कानाजवळ नेलं आणि हळूहळू स्क्रू फिरवायला लागली.