त्याआधी काय झालं?

माझ्या धाकट्या भावाने, म्हणजे पोलिसातल्या भावाने, एका रंगाऱ्याला गोळी घातली आणि भावाची बाजू मांडायला सगळ्यांनी मलाच पुढे केलं. करणारच. मी शाळेत वक्तृत्व शिकवते. एका मुलाला आज या बाजूने बोलायला लावते, उद्या त्या बाजूने, आणि दोन्ही वेळा बक्षीस घेऊन येते. त्या संध्याकाळी सभागृहात जाहीर चर्चा होती, पोलिसांनी गोळी कधी झाडावी यावर, आणि पहिलं भाषण माझं होतं. दुसऱ्या दिवशी भावाची चौकशी सुरू व्हायची होती. लोकांचं वारं कोणत्या बाजूला वाहतंय ते बघूनच वरचे लोक ठरवणार, त्याची नोकरी ठेवायची की त्याला तुरुंगात धाडायचं, हे आम्ही सगळे जाणून होतो.

गल्लीत नुसता कल्ला चालला होता. इस्त्रीवाला म्हणायचा, पोलिसाने काय आधी अर्ज करून परवानगी मागायची? औषधवाला म्हणायचा, मी डोकेदुखीची गोळी देतानासुद्धा दहादा विचार करतो. दोघांपैकी एकही जण तिथे हजर नव्हता, त्यामुळे दोघांचीही पक्की खात्री होती. मी आपली इस्त्रीवाल्याची री ओढत होते. आई गेल्यापासून या भावाला मीच वाढवलंय. दुसऱ्या बाजूचा विचारसुद्धा मला करायचा नव्हता.

दुपारी भाषण लिहायला बसले आणि त्याला म्हटलं, एकदा सगळं नीट सांग. त्याने सांगितलं. थांबण्याचा इशारा दिला, त्याने धारदार वस्तू उगारली, तो अंगावर धावून आला, माझ्यापुढे दुसरा पर्याय उरला नाही. मी लिहून घेतलं. एक मुद्दा सुटला म्हणून पुन्हा विचारलं, तर पुन्हा तेच, शब्दाला शब्द. ‘उगारली’नंतर श्वाससुद्धा तिथेच. हा माणूस भाजी आणायला गेला तरी परत येऊन एकच हकिकत तीन तऱ्हांनी सांगतो. आणि धारदार वस्तू? आमच्या घरात सुरीला सुरीच म्हणतात. माझ्या मनात पाल चुकचुकली.

तेवढ्यात त्याचा जोडीदार आला, त्या दिवशी याच्याबरोबर गस्तीला होता तो. चहा देता देता मी सहज विचारलं, तुम्ही काय पाहिलंत? त्यानेही इशारा, धारदार वस्तू, दुसरा पर्याय असं सगळं ओळीने म्हणून दाखवलं आणि श्वासही तिथेच घेतला. मी म्हटलं, छान बसवलंय, कोणी बसवलं? तर तो साहेबांनी बोलावलंय म्हणून चहा अर्धा टाकून निघून गेला. फोन वाजलाच नव्हता.

आता मला सगळंच खटकायला लागलं. भाऊ आल्यापासून खिडकीकडे पाठ करून का बसलाय? पेपराची घडी अजून तशीच का आहे? मग माझीच मला लाज वाटली. स्वतःच्या भावावर पाळत ठेवायची म्हणजे काय? पण संशय एकदा घरात शिरला की काही केल्या बाहेर जात नाही.

घोकंपट्टी करणारं पोर ओळखायची माझी एक रीत आहे. गोष्ट शेवटाकडून मागे सांगायला लावायची. कळलेली गोष्ट उलटीही सांगता येते, पाठ केलेली अडखळते. मी वही मिटली, त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, शेवटून सांग.

तो हसला. लहानपणी हाच खेळ खेळायचो आम्ही. “तो पडला,” तो म्हणाला.

“त्याआधी काय झालं?”

“मी ओरडलो, थांब म्हणून.”

“त्याआधी?”

“गोळी.”

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तिथेच थांबावं असं फार वाटलं, पण जीभ सवयीने पुढे गेली. “त्याआधी?”

“तो वळला. खाली बसून भिंत खरवडत होता, माझी चाहूल लागली म्हणून उठला आणि वळला. हातात ती रंग खरवडायची पत्र्याची पट्टी होती.”

“अंगावर आला?”

“वळला, ताई. नुसता वळला. मी घाबरलो.”

त्याने तोंड ओंजळीत धरलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला त्याची दया आली, रागही आला, आणि दोन्ही एकाच जागी दुखत होतं. मग तो उठला, मोरीत जाऊन तोंड धुऊन आला, टॉवेलने नीट पुसलं आणि पुन्हा समोर बसला. आवाज अगदी शांत होता.

“उद्या कोणी असं उलटं विचारलं तर फजिती होईल. तेवढं उलटंपण बसवून घे ना माझ्याकडून.”

मला ते सहज जमलं असतं. चहा उकळेपर्यंत त्याला मी असं तयार केलं असतं की कोणाच्या बापाला कळलं नसतं. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तर तो मागत होता.

“आत्ता जसं सांगितलंस तसंच उद्या सांगायचं,” मी म्हणाले. “आणि आज सभेत ते तू सांगणार नसशील तर मी सांगेन.”

“तू माझी बहीण आहेस की त्याची?”

“त्याची बहीण येणार आहे आज. तिला सभा भरवणाऱ्यांनी अगदी मागे खुर्ची दिलीय. मी तुझीच आहे, म्हणून आधी तुला सांगतेय.”