खांद्यावरची खूण

डॉ. मार्तंडांनी पाठवलेल्या फॉर्मवर एवढंच होतं : महामाया, वय ३८, एसटी कंडक्टर. उजव्या खांद्यावर केलॉइड, पट्टा घासून. दोनदा काढलं, पुन्हा आलं.

डॉ. मंजुश्री गवईंनी ते वाचलं, स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि दोन मिनिटांत त्यांचा त्या ओळीवरचा विश्वास उडाला. केलॉइड म्हणजे जखम भरताना उगाच वाढत गेलेला व्रण. त्यात जाड गुलाबी तंतू दिसायला हवेत. इथे बारीक, लांबट पेशींची दाटी होती आणि त्या चाकाच्या आऱ्यांसारख्या फिरलेल्या होत्या. तपासायला आलेला गाठीचा तुकडा मात्र वरवरचा. खालची चरबी त्यात आलीच नव्हती. मेहकरात लॅब टाकून त्यांना चौदा वर्षं झाली होती. शंका असताना रिपोर्टवर सही त्यांनी कधी केली नव्हती.

त्यांनी फोन लावला. "सर, या बाईंना माझ्याकडे पाठवा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

"अहो, जुने दोन्ही रिपोर्ट केलॉइडचेच आहेत," डॉ. मार्तंड म्हणाले. तीस वर्षं सर्जरी केलेला माणूस. "उद्या इंजेक्शनं सुरू करतोय."

"दोन दिवस थांबा."

ते जरा घुटमळले, पण थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी महामाया हिवरा आश्रमची बसफेरी संपवून खाकी कपड्यांतच आली. तिने कॉलर बाजूला केली. लिंबाएवढी तांबूस गाठ, दगडासारखी घट्ट.

"दुखते?"

"नाई. दुखली असती तं कवाच आली असती. तिकिटाच्या मशीनीचा पट्टा दिवसभर याच खांद्यावर राह्यते, मॅडम. त्यानंच झालं."

"नोकरीला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"आणि गाठ कधीपासून?"

"तवापासूनच. सगळे तेच म्हनतात." बोलता बोलता ती अडखळली. "पन थांबा. भरतीच्या फॉर्मवर ओळखीची खूण लिहाची होती. म्या उजव्या खांद्यावर लाल डाग, असं लिहिलं होतं."

"म्हणजे पट्टा यायच्या आधीपासून डाग होता?"

महामाया त्यांच्याकडे पाहतच राहिली. "होता न! हे मले कोनी इचारलंच नाई."

"डाग यायच्या आधी तिथे कधी भाजलं, खरचटलं, फोड आला?"

"काईच नाई."

सुरुवातीला जखमच नव्हती, तर व्रण कसला? मंजुश्रींनी तिच्यासमोरच मार्तंडांना फोन करून सांगितलं, चरबीपर्यंतचा खोल तुकडा हवा.

"आता अजून काऊन कापता?" महामाया वैतागली.

"आतापर्यंत सगळ्यांनी वरचंच पाहिलं, म्हणून. मला मुळं पाहायचीत."

मुळं दिसली. नव्या स्लाइडवर त्याच पेशी चरबीत घुसल्या होत्या, तिची चाळण करत. अशा पेशी ओळखणारी सीडी३४ ची चाचणी मुंबईहून करून घेतली, तीही पॉझिटिव्ह आली. मंजुश्रींनी रिपोर्ट लिहिला : डर्मॅटोफायब्रोसार्कोमा. खाली स्वच्छ सही केली.

"कॅन्सर हाये म्हना की," रिपोर्ट घ्यायला आलेली महामाया त्याचा अर्थ ऐकून म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"आहे. पण हा सावकाश वाढणारा आहे. सहसा दुसरीकडे जात नाही, जागच्या जागी मुळं पसरतो. वरवर कापला म्हणून दोनदा परत आला. या वेळी पूर्ण काढू."

मार्तंडांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि मग स्वतःच लॅबचा जिना चढून आले. "किती काढू, तेवढं सांगा."

"चारही बाजूंनी तीन सेंटिमीटर. खाली स्नायूच्या आवरणासकट."

एवढी मोठी जखम झाकायला अकोल्याहून प्लास्टिक सर्जन आले. ऑपरेशन तीन तास चाललं. काढलेल्या भागाच्या कडा मंजुश्रींनी बाजू ओळखू याव्यात म्हणून वेगवेगळ्या रंगांनी रंगवल्या आणि एकेक करून तपासल्या. तळाची कड मनासारखी दिसेना, म्हणून तिथले आणखी काप घेतले. त्यात आठवडाभर गेला.

शेवटची स्लाइड पाहून झाली तेव्हा महामाया टाके काढून घरी निघाली होती. मंजुश्रींनी तिला फोन लावला, तर बसची घरघर ऐकू येत होती.

"मोठ्यानं बोला मॅडम, गाडीत लय गर्दी हाये!"

"सगळ्या कडा स्वच्छ आहेत," मंजुश्री मोठ्याने म्हणाल्या. "काही राहिलेलं नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, चुकवायचं नाही."

पलीकडे महामाया शेजारच्या बाईला सांगताना ऐकू आली, "साफ निंघालं वो, समदं साफ निंघालं!"